बाबांच्या श्वासांची काटकसर

कल्याणला पारनाक्याजवळ आमचं घर. भिंतीवर एक घड्याळ होतं आणि ते वेळही बरोबर दाखवायचं, पण त्याला कुणी विचारत नसे. आमचं घर चालायचं ते बाबांच्या नाकावर. त्यांची उजवी नाकपुडी वाहत असली की पानं मांडायची, डावी वाहत असली की पाणी प्यायचं. बाहेर पडताना जी नाकपुडी चालू असेल त्या बाजूचा पाय आधी उंबऱ्याबाहेर. ह्याला स्वरशास्त्र म्हणतात. डावा स्वर चंद्राचा, उजवा सूर्याचा. शांत आणि टिकाऊ कामं चंद्रावर करावीत, भांडणाची आणि कापाकापीची सूर्यावर. हे शास्त्र पुष्कळांना येतं, पण त्यांना ते मुंजीच्या नाहीतर लग्नाच्या वेळी आठवतं. बाबांना ते घटकेघटकेला आठवायचं, आणि त्यात आम्ही भरडले जायचो. आईनं भात वाढलेला असायचा, त्यातून वाफ निघत असायची, आणि बाबा पाटाशेजारी डाव्या कुशीवर आडवे झालेले असायचे. डाव्या कुशीवर निजलं की उजवी नाकपुडी मोकळी होते. ती होईपर्यंत आम्ही भाताकडे बघत बसायचं. माझा चिडका स्वभाव तिथला आहे. आजही पानात गार भात आला की माझं डोकं फिरतं.

पण नाकपुड्या परवडल्या. खरं संकट निराळंच होतं. बाबांची पक्की समजूत अशी की माणूस येताना वर्षं घेऊन येत नाही, श्वास मोजून घेऊन येतो. जो धावतो, ओरडतो, खदाखदा हसतो तो आपली शिदोरी वाटेतच संपवतो. कासव बेतानं श्वास घेतं म्हणून ते आजोबापणजोबांपासून त्याच विहिरीत असतं, आणि कुत्रं धापा टाकतं म्हणून लवकर आटोपतं. बाबा कधी धावले नाहीत. जिना चढताना दर पायरीला थांबायचे. हसू आलं की डोळे मिटून ओठ दाबायचे, आणि आलेलं हसू आत जिरेपर्यंत तसेच बसायचे.

त्यातून ते शाळामास्तर. मास्तर म्हटला की ओरडणं आलं, पण बाबांनी वर्गच्या वर्ग कुजबुजत पाढे शिकवले. मुलंही कुजबुजत म्हणायची. चूक झाली की बाबा पट्टीनं टेबलावर टकटक करायचे आणि बरोबर आकडा बोटांनी दाखवायचे. एकदा तपासणीला आलेले डिपुटी शाळा बंद आहे असं समजून दारातूनच परत गेले. एवढं असून बाबांच्या हाताखालून गेलेल्या मुलांची पावकी आणि दिडकी, म्हणजे पावाचे आणि दिडाचे पाढे, अशी पक्की, की कल्याणच्या बाजारात त्यांना कुणी फसवू शकत नसे.

एवढं जगून करायचंय काय, हे आम्ही कुणी त्यांना विचारलं नाही. आत्या मात्र विचारायची. ती बाबांची धाकटी बहीण. लहानपणी लग्न झालं आणि न्हातीधुती होण्याच्या आत नवरा गेला. आमच्यात तेव्हा विधवेचे केस काढत. ती माहेरी आली ती कायमची, आणि तिचेही इथंच काढले. अंगावर लाल आलवण, बोडकं डोकं, आणि जिभेला साऱ्या गावात तोड नाही. बाबा डोळे मिटून बसले की ती दारातून म्हणायची, "दादा, एवढे साठवतोस ते देणार कुणाला? मला नकोत बाबा. माझेच संपता संपत नाहीत."

आणखी एक विक्षिप्तपणा सांगायला हवा. बाकी घरांत न्हावी पुढच्या ओसरीवर येऊन पुरुषांची हजामत करायचा. आमच्या घरी त्याला पुढचं दार बंद. बाबा स्वतः चालत, थांबत थांबत, काळ्या तलावाशी जायचे आणि तिथं झाडाखाली दाढी करून यायचे. न्हावी आमच्याकडे यायचा तो फक्त आत्यासाठी, परसदारानं, आणि त्या दिवशी बाबा सकाळी जे बाहेर पडायचे ते दिवेलागणीला परतायचे. हेही स्वरशास्त्रातलंच काहीतरी असेल असं आम्ही समजायचो. न कळणारं सगळं आमच्या घरी स्वरशास्त्रात टाकलं जाई.

मी ठाण्याच्या कचेरीत नुकता कारकून म्हणून चिकटलो होतो, तेव्हा बाबांना आमांश झाला. तो थांबला, पण रोज संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येऊ लागला. उजव्या बरगडीखाली दुखे, मग तिथं फुगवटाही दिसू लागला. शहाडचे वैद्य रोज येऊन लेप देत होते. माणूस प्रामाणिक. एक दिवस त्यांनी लेपाची वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "आत यकृतात पू झालाय. हे माझ्या हातचं नाही. ठाण्याला नेऊन शस्त्र करून घ्या."

वैद्य गेल्यावर आत्या आईला म्हणाली, "वहिनी, नीट वेणी घालून घे. आहेत तोवर."

असलं बोलणं फक्त आत्याच करू शकत असे, कारण तिच्यावर ते होऊन गेलेलं होतं. आईचे केस गुडघ्यापर्यंत पोचायचे. न्हाल्यावर ती ते वाळवायला बसली की तिचं तिलाच उठता यायचं नाही. तिनं पदर डोक्यावरून घेतला आणि चुलीकडे गेली. मी घाबरलो. बाबा मरतील ह्याची भीती होतीच, पण त्यांच्यामागे आई आत्याशेजारी कोपऱ्यात बसेल, परसात तिच्यासाठीही न्हावी येईल, ह्या भीतीनं माझी झोप उडाली.

ठाण्याला आगगाडीनं जायला बाबा तयार होईनात. गाडीच्या हादऱ्यांनी श्वास जलद होतो, म्हणे. शेवटी ओहोटी धरून मिठाच्या एका मचव्यातून आई, आत्या आणि मी त्यांना खाडीनं घेऊन गेलो. बाबा पोत्यांवर पडून चिमणीएवढा श्वास घेत होते. मचवेवाला त्यांच्याकडे बराच वेळ बघत होता. त्याला वाटलं, गुरुजी भिडस्त आहेत. "गुरुजी, घ्या की दम चांगला," तो म्हणाला. "वारा खाडीचा हाय, कोनाच्या बापाचा नाय." बाबांनी एक बोट वर केलं. नंतर घेतो, असा त्याचा अर्थ.

ठाण्याला इस्पितळाशेजारी बिऱ्हाड केलं. इस्पितळात एक गोरे साहेब होते आणि त्यांच्या हाताखाली पगडीवाले एक मराठी डॉक्टर. त्या काळी क्लोरोफॉर्मवरून डॉक्टर लोकांत दोन तट पडले होते. एक तट म्हणे, गुंगी देताना बोट नाडीवर ठेवा, दगा देतं ते काळीज. दुसरा म्हणे, नाडी सोडा, श्वास बघा, आधी थांबतो तो श्वास. साहेब श्वासवाले, डॉक्टर नाडीवाले. दोघांचं ह्यावरून रोज वाजायचं. डॉक्टर अदबीनं भांडत आणि साहेब लाल होऊन. आता त्या दोघांच्या मधे आमचे बाबा जाऊन पडले.

बाबांनी अट घातली. कापून घेणाऱ्याला हे शांतीचं काम, तेव्हा त्यांचा स्वतःचा चंद्र चालू पाहिजे. कापणाऱ्याला हे शस्त्राचं काम, तेव्हा साहेबांचा सूर्य. दोन्ही जुळल्याशिवाय टेबलावर चढणार नाही.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि साहेबांना इंग्रजीत सांगितलं. मला वाटलं, आता साहेब आम्हाला हाकलून देणार. पण साहेबांना ही विद्या पुन्हा पुन्हा समजावून घ्यायची होती. श्वासावर एवढी नजर ठेवणारा माणूस त्यांना त्यांच्या तटातसुद्धा भेटला नव्हता. ते कबूल झाले. अडचण एकच निघाली, साहेबांना सर्दी झाली होती.

बाबांनी आईच्या फणीच्या पेटीतला आरसा मागवून साहेबांच्या नाकाखाली धरला. साहेबांनी जोर लावला. आरसा कोराच राहिला. बाबांनी तो पुसला, पुन्हा धरला, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्या गृहस्थाला श्वासच नाही. हा मला कापणार?"

मग साहेबांना वाफारा दिला. वाफाऱ्यानं दोन्ही नाकपुड्या सुटल्या, पण डावी जास्त. म्हणून साहेब आपल्या खोलीतल्या बाकावर डाव्या कुशीवर निजले. इकडे बाबांचा त्या दिवशी हट्टानं सूर्य चालला होता, म्हणून ते खाटेवर उजव्या कुशीवर. डॉक्टर आरसा घेऊन ह्या खोलीतून त्या खोलीत. कचेरीतून कागद घेऊन आलेल्या पट्टेवाल्यानं आडवे साहेब पाहिले आणि साहेबांना झटका आला अशी बातमी बाजारभर केली. दुपारी एकदाचे चंद्रसूर्य जुळले. डॉक्टर ओरडले, "चला, चला!" आणि बाबांना उचलूनच टेबलावर ठेवलं.

मला आत राहायची परवानगी होती, कारण मला काम होतं. बाबांनी मला कापसाचा एक तंतू दिला होता. तो त्यांच्या नाकाशी धरायचा आणि शस्त्र लागताना कुठली नाकपुडी वाहत होती ते त्यांना नंतर सांगायचं. तो हलता तंतू बघून साहेबांनी डॉक्टरांकडे जिंकल्यासारखी नजर टाकली.

डॉक्टरांनी टॉवेलचा द्रोण करून त्यावर बाटलीतून थेंब टाकले. गोडसर, मळमळणारा वास सुटला. टॉवेल नाकाशी आला आणि तंतू थांबला. बाबांनी कुंभक लावला होता, म्हणजे श्वास कोंडून धरला होता. परक्याचं औषध आपल्या मोजक्या श्वासांत कालवायला ते राजी नव्हते.

डॉक्टर म्हणाले, "दामटून धरू, किती वेळ कोंडतील?" साहेबांनी झटकन टॉवेल बाजूला केला. कोंडून धरणारा माणूस शेवटी एकदम भला मोठा श्वास घेतो, त्या एका घोटात नको तेवढं औषध आत जातं, आणि मग श्वास जो थांबतो तो परत चालू होत नाही. अशी माणसं हातची गेलेली त्यांनी पाहिली होती. टॉवेल दूर गेला, तंतू हलला. टॉवेल आला, तंतू थांबला. पोरं खांबामागे लपाछपी खेळतात तसा हा खेळ बराच वेळ चालला. साहेबांचं नाक पुन्हा चोंदलं.

शेवटी डॉक्टरांनी निराळाच रस्ता काढला. ते सहज म्हणाल्यासारखे म्हणाले, "बरं गुरुजी, राहू द्या. सात दीड अकरा."

बाबांचे डोळे खाडकन उघडले. "साडेदहा."

बोलले म्हणजे श्वास बाहेर गेला, आणि गेला म्हणजे आत घ्यावा लागला. टॉवेल अलगद जवळ आला.

"नऊ दीड चौदा."

"साडेतेरा. कुठल्या शाळेत होता हो तुम्ही?"

"अकरा दीड सतरा."

"साडेसोळा. अरे देवा." आवाज जड झाला होता. पण चुकलेला पाढा सोडून झोपणं त्यांना जमेना.

"तेरा दीड वीस."

"साडे..." बाबा म्हणाले, आणि साडे किती ते राहूनच गेलं.

त्यानंतर मी जे पाहिलं ते जन्मात पाहिलं नव्हतं. माझ्या बापाची छाती वर येत होती आणि खाली जात होती. तोंड उघडं, घोरणं सगळ्या खोलीत भरलेलं. एवढ्या वर्षांची काटकसर तो माणूस बिनदिक्कत उधळत होता. साहेबांनी बरगडीखाली शस्त्र घातलं आणि पुवाचं घमेलं भरलं. मी तंतूवरची नजर काढली नाही, म्हणून मला आधी दिसलं. तंतू थांबला होता. टॉवेल तर केव्हाच दूर होता.

"साहेब," मी मराठीतच ओरडलो. डॉक्टरांचं बोट नाडीवर होतं. नाडी ठीक आहे, ते म्हणाले. साहेबांनी त्यांना खांद्यानं ढकललं, बाबांचा जबडा पुढे ओढला, चिमट्यानं जीभ बाहेर काढली आणि दोन्ही हातांनी छाती दाबली. तेवढ्या वेळात माझ्या डोळ्यांपुढे देव आला नाही, बाबाही आले नाहीत. बाहेर व्हरांड्यात बसलेल्या आईची वेणी आली. मग घशात काहीतरी खरखरलं आणि तंतू हलला. डॉक्टरांनी मान खाली घातली. साहेबांनी नाक शिंकरलं.

बाबा शुद्धीवर आले ते "एकोणीस" म्हणतच. मग ओकले. मग त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. मला वाटलं, नाकपुडीचं विचारतील. त्यांनी विचारलं, "किती घेतले?"

मी मोजले नव्हते. अंदाजानं म्हणालो, बरेच, आणि मोठाले. बाबांनी डोळे मिटले. मुलाच्या देखत घर लुटलं गेलं आणि मुलगा बघत राहिला, असा त्यांचा चेहरा झाला.

गेले ते भरून काढायचे म्हणून त्यांनी आता दुप्पट काटकसर सुरू केली. जखमेमुळे श्वास घेतला की दुखायचं, तेव्हा शरीरही त्यांच्याच बाजूला झालं. ओठांशी आला न आला तोच सोडून द्यायचा, असा श्वास. खोकला आला की गिळायचे. पू गेला म्हणून उतरलेला ताप पुन्हा चढला. डॉक्टरांनी पाठीला नळी लावून ऐकलं आणि मला बाहेर नेऊन सांगितलं, "पोट कापलेला माणूस दुखतं म्हणून वरवर श्वास घेतो. मग फुप्फुसाच्या तळाशी हवा पोचत नाही. गुंगीच्या औषधानं कफ वाढलेला असतो, उताणं पडून तो खाली साचतो आणि तिथंच नासतो. उजवा तळ बंद झालाय. शस्त्रातून वाचले, आता ह्यात जातील. त्यांना बसवा. मोठा श्वास घेऊ दे, खोकू दे, हसू दे, रडू दे, काहीही करू दे."

आम्ही सगळे कामाला लागलो. शेजारच्या खाटेवर पाय मोडलेला एक गवळी होता. त्यानं अचकटविचकट गोष्टी सांगून सगळी खोली हसवली, बाबांनी ओठ दाबले. मी तपकीर नाकाशी नेली. त्यांनी येऊ घातलेली शिंक अशी काही परतवली की मला त्यांचा अभिमान वाटावा की संताप यावा ते कळेना. डॉक्टर दिवसातून चारदा येऊन चुकीचे पाढे म्हणायचे. पण बाबा आता शहाणे झाले होते, बरोबर उत्तर बोटांनी दाखवायचे. आत्यानं बिऱ्हाडातली चुलीची फुंकणी आणून तोंडाशी धरली आणि म्हणाली, "फुंक." बाबांनी ती हातात घेतली, उशाशी ठेवली. "गुरुजी, साठवलेला श्वास ठेवता तरी कुठे?" डॉक्टर एकदा वैतागून म्हणाले. बाबांनी छताकडे बोट केलं.

मला त्यांचा इतका राग आला होता की मी बोलेनासा झालो. एका माणसाच्या हट्टापायी दुसऱ्या माणसाचं डोकं भादरलं जाणार होतं, आणि हा माणूस स्वस्थ पडून श्वास वाचवत होता. आई त्यांच्या पायाशी बसलेली असे. एकदाच ती म्हणाली, "अहो, घ्या ना एक मोठा." बाबांनी तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले, आवाज आला नाही. मी ओठांवरून वाचलं. ते म्हणत होते, "पुरवतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी नखं निळी दिसायला लागली. आत्या दारात डॉक्टरांना विचारत होती, "ओरडला तर चालेल?"

"ओरडले तर सोनंच होईल," डॉक्टर म्हणाले. "मी पोटाला उशी दाबून धरीन."

"मग धरा," आत्या म्हणाली आणि आत आली. आई तेव्हा बिऱ्हाडावर पेज करायला गेली होती. आत्यानं खाटेशी स्टूल ओढलं, पदर सारखा केला आणि भाजीबद्दल बोलावं तशी बोलायला लागली.

"दादा, कल्याणला निरोप धाडलाय. आपल्या न्हाव्याला. म्हटलं, एक-दोन दिवसांत लागशील, वस्तरा परजून ठेव. माझ्या वेळचा बोथट होता."

बाबांचे डोळे तिच्याकडे वळले.

"वहिनीचे केस दाट," आत्या पुढे म्हणाली. "आधी कात्रीनं घ्यावे लागतील. मग परसातल्या त्याच दगडावर बसवू. मी धरीन तिला. मला ठाऊक आहे कुठं धरायचं ते."

आधी बाबांची मान वर आली. मग ते कोपरावर उठले. मग त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी कधी ऐकलेला नव्हता आणि त्यांनी स्वतःही नव्हता.

"हात लावून बघ म्हणावं त्याला! हात लावून बघ म्हणावं! एकीचं पाहिलं ते पुरे झालं! तुला धरलं होतं तेव्हा मी दारामागे उभा होतो. तू हाका मारत होतीस, मला आवाज फुटला नाही! हिच्या केसाला कुणी हात लावायचा नाही! हिच्या आधी मरायचं नाही मला! म्हणून पुरवतोय! तेवढ्यासाठी पुरवतोय मी, सगळा जन्म!"

आणि खोकला आला. आता तो गिळायला कुणाला सवड नव्हती. डॉक्टर उशी दाबून उभे, गवळी देवाचं नाव घेतोय, आणि बाबा खोकताहेत, ओरडताहेत, पुन्हा खोकताहेत. तांबूस, घट्ट कफानं वाटी भरली. मी वाटी धरून उभा होतो आणि रडत होतो. आजवर गिळलेला सगळा गार भात मी त्या मिनिटात त्यांना माफ केला.

आत्या उठून खिडकीशी गेली होती. पदर चेहऱ्यावर ओढलेला. बाबा दारामागे होते, हे इतक्या वर्षांत तिला कुणी सांगितलं नव्हतं. पाठ आमच्याकडेच ठेवून ती म्हणाली, "पुन्हा म्हण. नीट ऐकू नाही आलं."

बाबांनी पुन्हा म्हटलं, आणखी मोठ्यानं.

आवाज ऐकून साहेब गळ्यातला जेवणाचा रुमाल न काढताच धावत आले. पाठीला नळी लावली, ऐकलं, आणि डॉक्टरांना विचारलं की ह्या बाईनं काय दिलं. डॉक्टरांना त्याचं इंग्रजी करता येईना. साहेबांनीही खोलात न जाता हुकूम केला: हेच, दिवसातून तीन वेळा, जेवणाआधी.

मग पथ्याच्या वेळा असाव्यात तशी आत्या दिवसातून तीनदा इस्पितळात यायची आणि बाबांना बोलायची. न्हाव्याचा विषय तिनं पुन्हा काढला नाही. त्यांच्या लहानपणीच्या लबाड्या काढल्या, स्वरशास्त्राचे वाभाडे काढले, नाकाच्या आकारावर गेली. बाबा तिच्यावर ओरडायचे. गवळी आणि बाकीचे रोगी ह्या वेळेची वाट बघत बसायचे. डॉक्टर नळी लावून पाठीमागे उभे राहायचे आणि म्हणायचे, "आणखी जरा, बाई. तळ अजून उघडायचाय." बहीणभाऊ दोघांच्याही तब्येती सुधारल्या.

कल्याणला परतल्यावर मी आत्याला विचारलं, "निरोप खरंच धाडला होतास?"

"त्याला निरोप लागतो कुठं?" आत्या म्हणाली. "तो येतोच."

नाकपुड्या सुटल्या नाहीत. भात गारच खाल्ला आम्ही. जिनाही ते थांबत थांबतच चढायचे. पण ठाण्याला एवढे श्वास उधळूनही आपण जिवंत कसे, ह्याचा बाबांना उलगडा करणं भाग होतं. त्यांनी तो केला: बहिणीवर ओरडण्यात गेलेले श्वास हिशेबात धरत नाहीत. त्या आधारावर ते रोज एकदा आत्यावर ओरडायचे, आणि आत्या बिनचूक निमित्त पुरवायची. आई चुलीशी बसून ऐकायची. न्हाव्याला पुढचं दार मात्र बंदच राहिलं.

पुष्कळ वर्षांनी आई गेली. थोड्या दिवसांचा ताप, आणि गेली. बाबा तिच्या उशाशी बसून होते. सवाष्णी आल्या, त्यांनी तिला न्हाऊ घातलं, हळदकुंकू लावलं, हिरवं लुगडं नेसवलं. केसांशी आल्या तेव्हा बाबा म्हणाले, "ते ही करील," आणि त्यांनी आत्याकडे बोट दाखवलं. विधवेनं सवाष्णीची वेणी घालायची नसते. कुणीतरी तसं पुटपुटलंही. तेव्हा बाबांनी ठाण्याला काढला होता तो आवाज काढला. आत्यानं फणी हातात घेतली. लहानपणानंतर तिनं फणीला हात लावला नव्हता, पण बोटांना पेड आठवत होते. आईचे केस पांढरे झाले होते. पण होते.

क्रियाकर्म मी करायचं, म्हणून माझं डोकं करायला न्हाव्याला बोलावलं. तो आता म्हातारा झाला होता. इतक्या वर्षांच्या सवयीनं तो वळसा घालून मागं गेला आणि परसदाराशी उभा राहिला. बाबांना ते कळलं. ते उठले, पुढच्या दाराशी गेले, स्वर न बघता, आणि दोन्ही फळ्या उघडून सगळ्या पारनाक्याला ऐकू जाईल असं ओरडले, "अरे, मागं कशाला? पुढून ये! आता तू माझं काय करणार आहेस? ये, ये!"

"दादा, हळू," आतून आत्या म्हणाली. "श्वास जातात."

"जाऊ देत," बाबा म्हणाले.